छायाच्या डबीतल्या गोळ्या

गंगापूर रोडवरील रुग्णालयात चिमाजीमामांच्या केमोचा दुसरा डोस पुढे ढकलला गेला. तोंडात फोड आले होते, पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. फुप्फुसाच्या आवरणाच्या या दुर्मीळ कर्करोगावर पेमेट्रेक्सेड द्यायचे, तर सोबत फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी लागते. नाहीतर औषध निरोगी पेशींनाही झोडपते. मी औषधशास्त्र शिकवते. गोळ्या मीच आणून दिल्या होत्या.

"मामा, ती पिवळी गोळी घेता ना?"

"ती छायाला दिली." छाया त्यांची नातसून, तिला तिसरा महिना. "आशाताई गरोदर बायांना देते तीच ना ती? म्हटलं, दुकानदारानं चुकून माझ्या पिशवीत टाकली. मी काय पोटुशी हाय?"

"माझ्या मला मिळतात, बाबा," छाया म्हणाली. "तुमच्या तशाच माझ्या डबीत पडून हायेत. आता डोहाळेजेवणबी तुमचंच करू!"

मामा हसले, मग माझ्याकडे वळले. "पोराचं तोंड बघेपर्यंत टिकंन का गं मी?"

"सांगता येत नाही. आजार जात नाही. काहींना काही महिने अधिक मिळतात. पण डोस चुकला, तर तेही नाहीत."

माझ्या लहानपणी सायखेड्याच्या उन्हाळ्यात मामा कांदा साठवायच्या चाळी उभारत. सिमेंटचे पत्रे करवतीने कापताना पांढरा भुगा उडे आणि आम्ही भाचरे तो पावडरीसारखा तोंडाला फासत असू. मामा करवत थांबवून उपरण्याने आमची तोंडे पुसत, पापण्यांवरचा भुगा फुंकरीने उडवत. त्या भुग्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू होते. ते छातीत तीस-चाळीस वर्षे गप्प राहतात, मग हाच कर्करोग उभा करतात. नव्या पत्र्याखालच्या त्या सावलीइतकी गार सावली मला पुढे कुठे मिळाली नाही. हे विधान तपासता येत नाही; तरी मी ते मागे घेणार नाही.

मामा रोज गोळी घेऊ लागले, पेशी वाढल्या आणि दुसरा डोस सुरू झाला. सलाईन ठिबकू लागल्यावर छायाने डबी उघडली.

"आधी तू," मामा म्हणाले. तिने आपली घेतली, मग त्यांनी.

मोकळ्या हाताचा अंगठा त्यांनी माझ्या गालावरून फिरवला, पूर्वी पुसत तसा. "तूबी फासायचीस ना गं भुगा?"

"हो."

"मग घे की एक."

"गोळीचा भुग्यावर उपयोग नाही, मामा."

"नसू दे."

गोळी ठेवलेला त्यांचा तळहात पुढेच होता. डबीत गोळ्या पुष्कळ होत्या. मी एक घेतली.