धाकटीचा वळसा

शिशाचा गोळा तळाला टेकला तेव्हा दोरीवरची सहावी गाठ पाण्याखाली गेली होती. मोजणीबाईंनी दोरी थोडी उचलली, पुन्हा सोडली आणि मान वर न करता म्हणाल्या, "सहा वाव."

"चुकतंय काहीतरी," रखवालदार म्हणाला. "दोरी तिरकी गेली असेल. ओढ असते इथं."

"काका, पाणी थांबलंय. भरती संपून ओहोटी लागायच्या मधली वेळ तुम्हीच तर निवडलीत."

वेळ त्यानेच निवडली होती. इंजिन त्याने लांबच बंद केलं होतं आणि उरलेलं अंतर तो वल्ह्याने पाणी चाचपत आला होता, परक्या घरात आंधळ्याने पाऊल टाकावं तसा. वल्ह्याला कुठे खडक लागला नव्हता. होडीखाली काळी सावली मात्र होती, रोजची, ओळखीची. एकतीस वर्षं त्याने ती लांबून पाहिली होती आणि दरवेळी सुकाणू वळवलं होतं.

"पुन्हा टाका," तो म्हणाला.

बाईंनी पुन्हा टाकली. खोली मोजायचं त्यांचं यंत्र कालच खारं पाणी पिऊन मुकं झालं होतं, म्हणून त्याने घरातली जुनी दोरी काढून दिली होती. तिच्या गाठी त्याच्या आईने मारलेल्या. दोन्ही हात पसरायचे, छातीवरून दोरी ताणायची, गाठ मारायची, की झाली एक वाव. सकाळी बाईंनी दोरी फितीला लावून पाहिली, तर दर गाठीला चार बोटं कमी भरली.

"आईंचे हात आखूड दिसतात," त्या म्हणाल्या होत्या.

"माझ्या पाठीपर्यंत बरोब्बर पोचायचे," तो म्हणाला होता, आणि दोघंही हसली होती.

आता त्यांनी सात ठिकाणी दोरी टाकली. सहा, साडेसहा, सहा, सहा. एका जागी पाच. पाच वाव पाण्यातून मोठ्यातली मोठी नावसुद्धा पोट न खरवडता निघून जाते.

चार दिवस झाले, दोघं राखीव समुद्राचा नवा नकाशा करत होती. बाई कचेरीतून आल्या होत्या. पहिल्या दिवशी लाटांनी त्यांचं सकाळचं खाणं बाहेर काढलं होतं आणि तरी त्यांनी पेन्सिल सोडली नव्हती, म्हणून त्याला त्या आवडल्या होत्या. बेटासमोर पाण्यात उभे असलेले दोन उंच सुळके त्यांनी खडक क्रमांक एक आणि दोन असे लिहून घेतले, तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, ही सासू आणि ती सून. सासूला क्रमांक दिलात तर ती घरात घेईल का तुम्हाला?"

"पण दोघी एकमेकींकडे पाठ करून का उभ्या?"

"मग कशा उभ्या राहणार?"

सुनेच्या डोक्यावर पांढऱ्या पाखरांची वस्ती होती, सासूच्या पायाशी लाटांनी कोरलेल्या गुहा. पुढे दगडी कमान, तिच्याखाली पाणी इतकं निवळ की प्रवाळाची एकेक फांदी मोजून घ्यावी. कमानीपलीकडे प्रवाळाच्या दोन लांब भिंती, आणि त्यांच्यामधल्या वाटेच्या तोंडाशी बुडालेला खडक, धाकटी. बेटावरच्या माणसांनी नकाशे कधी पाहिले नव्हते. त्यांच्याकडे ओवी होती. ती आईने त्याला चालायला लागायच्या आधीच शिकवली होती.

सासू डाव्या हाती ठेव, सून उजवीला राहो
कमानीच्या पोटातून पाणी हळूहळू वाहो

पुढे बुडाली धाकटी, तिचे केस पाण्याखाली
तिच्या अंगावरून गं नाव कुणाची ना गेली

वळसा घे वळसा घे, घर पळत नाही गं
उशिराने आला त्याला दार मिटत नाही गं

बाईंनी ती ओवी वहीत उतरवून घेतली होती. वळसा म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं होतं. प्रवाळाच्या भिंतीला बाहेरून, उघड्या समुद्राच्या लाटा कुशीवर घेत, समोरच्या किनाऱ्याच्या धक्क्यापर्यंत सव्वा तास. आणि धाकटी नसती तर?

"वीस मिनिटं," तो म्हणाला होता. "पण नसती तर कसं? ती आहे ना."

आता तो होडीच्या फळीवर बसला. गुडघे वाजले. निवृत्तीला अकरा महिने होते, पण गुडघे केव्हाच निवृत्त झाले होते. त्याने फळीखालून काचेच्या तळाची लाकडी पेटी काढली, कडेवरून वाकून पाण्यावर टेकवली आणि तिच्यात तोंड घातलं.

खाली गवत होतं. लांब, गडद हिरवं, दाट, एकाच दिशेला झुकलेलं आणि सावकाश हलणारं. नुकतीच न्हालेली बाई पाठीवर केस सोडून बसावी तसं. बोटाएवढ्या माशांचे थवे त्यातून निघत होते, परत शिरत होते. एक म्हातारं कासव मान हलवत चरत होतं, घाई नसलेल्या गाईसारखं.

केस होते. अंग नव्हतं.

तो बराच वेळ वाकून राहिला. बाईंना वाटलं, त्याला भोवळ आली. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"काका?"

"माझी बायको वळशात गेली," तो पेटीतच म्हणाला. आवाज लाकडात घुमला. मग त्याने तोंड बाहेर काढलं आणि बाहीने पुसलं. "बावीस वर्षं झाली. पोटात दुखत होतं. आदल्या दिवसापासून. बडबडी होती, पण त्या दिवशी गप्प, म्हणून मी घाबरलो. होडीत आडवी केली. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पाऊस असा की पुढचं काही दिसेना, म्हणून आई ओवी म्हणत होती आणि मी तिच्या अंदाजाने सुकाणू धरून. कमानीतून बाहेर आलो तेव्हा मी विचारलं, आई, मधून घालू का? लागली तर लागली."

बाईंनी दोरी गुंडाळायची थांबवली.

"आईने नुसती पुढची ओळ म्हटली. मी वळवली."

"आणि..."

"धक्का दिसायला लागला होता."

सुनेच्या डोक्यावरून पाखरांचा कलकलाट आला आणि शमला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेव्हा त्याला काहीच म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं, आणि मग त्याच्याकडे पाहायचं टाळलं होतं. ते त्याने बाईंना सांगितलं नाही.

"कोणी रचली असेल हो?" बाईंनी हलकेच विचारलं. "ओवी."

"ज्या कुणाला या गवताची काळजी होती, तिने." त्याने पाण्याकडे पाहिलं. "मनाई केली तर माणूस ऐकत नाही. खडक आहे म्हटलं की ऐकतो. मी एकतीस वर्षं राखण केली म्हणतात. राखण तिने केली. मी नुसता वळसे घालत होतो."

बाईंनी वही उघडली. पेन्सिल हातात घेतली आणि तशीच धरून बसल्या.

"मी खडक दाखवू शकत नाही, काका. नाही ते आहे असं लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही."

"ते मी मागत नाही."

"आणि सहा वाव लिहिलं तर पुढच्या मोसमात पर्यटकांच्या मोठ्या नावा इथूनच आत येतील. नांगर टाकतील."

"गवत उपटून निघेल. तेही कळतं मला." तो थांबला. "नकाशा कुठे कुठे लागतो?"

"धक्क्यावर. शाळेत. तुमच्या चौकीच्या भिंतीवर."

"चौकीच्या भिंतीमागेच आमचं घर. आईला आता अक्षर दिसत नाही, पण येणारा-जाणारा मोठ्याने वाचतो. कुणीतरी म्हणणारच, आजी, तुमची धाकटी कुठे गेली, इथे तर सहा वाव पाणी." त्याने दोरीची ओली गाठ अंगठ्याने दाबली. पाणी निथळलं. "ती मांडी अजून दुखते तिची. डोकं ठेवलं होतं ती. पाऊस आला की चोळत बसते. मी विचारत नाही, ती सांगत नाही. दोघांनी मिळून तो दिवस त्या खडकावर ठेवलाय, बाई. आता खडकच काढून घेतला, तर तिने तो कुठे ठेवायचा?"

बाईंनी वहीवर उडालेलं पाणी पुसलं. मग त्यांनी पेन्सिलचं टोक जिभेला लावलं, शाळकरी मुलीसारखं.

"हे कासवांचं चरण्याचं कुरण आहे. हे खरं आहे ना?"

"खरं."

"कुरण असेल तर कायमचा बंद पट्टा दाखवता येतो. कुणाच्याच नावेला वाट नाही. आणि बंद पट्ट्यात आम्ही खोली छापत नाही, नुसत्या आडव्या-तिडव्या रेघा मारतो. आकडे कचेरीच्या कपाटात." त्यांनी रेघा मारायला सुरुवात केली. "नाव मात्र द्यावं लागतं."

"धाकटी," तो म्हणाला.

त्यांनी लिहिलं.

दुपारच्या बसने बाई परत जाणार होत्या. धक्का समोर दिसत होता, मध्ये फक्त शांत पाणी. त्याने इंजिन सुरू केलं नाही. गवत संपेपर्यंत वल्हवत गेला आणि मग इंजिनची दोरी ओढली. धक्क्यावर बाईंनी पेट्या उतरवल्या, नमस्कार केला, आणि चार पावलं जाऊन मागे आल्या.

"काका, त्या दिवशी तुम्ही मधून घातली असती, तरी कदाचित..."

"हो," तो म्हणाला. "कदाचित. बस चुकेल तुमची."

परतताना त्याचा हात आपोआप बाहेरच्या बाजूला वळला. होडीलाही सवय होती; तिने तोंड फिरवलंसुद्धा. मग त्याने सुकाणू सरळ धरलं. हातातल्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. गवताशी आल्यावर इंजिन बंद करून तो वल्ही मारू लागला. बायको अशीच बसायची, पुढच्या फळीवर, पाण्यात हात सोडून, आणि वळसा लागला की म्हणायची, एवढ्या वेळात माझं माहेर आलं असतं. तिचं माहेर धक्क्याच्या मागच्याच गल्लीत होतं. तो एकटाच हसला, आणि हसू ओठांवर तसंच सुकलं.

कमान आली. सून उजवीला नव्हती, डावीला होती. येताना सगळं उलटं असतं. चौकीखालच्या वाळूत होडी टेकली तेव्हा त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. वल्हवण्याचा वेळ धरून अर्धा तास.

आई अंगणात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या पलीकडे बसली होती. तिला फक्त उजेड आणि सावली कळायची, पण होडीचा आवाज ती बेटाच्या टोकापासून ओळखायची. आज तिचं तोंड बाहेरच्या समुद्राकडे नव्हतं. कमानीकडे होतं.

"आलास?"

"आलो."

"पोचवलंस तिला? खाऊन तरी गेली का पोर?"

"गेली. तुझ्या दोरीचं कौतुक करत होती."

"करेल नाहीतर काय. अजून एक गाठ सुटलेली नाही." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. एक हात मांडीवरून फिरला, सवयीने. "लवकर आलास रे."

तो रांजणातलं पाणी पायांवर ओतत होता. एक तांब्या ओतला, दुसरा ओतला. वाळू केव्हाच निघून गेली होती.

"वारा पाठीशी होता," तो म्हणाला.

आई कपड्यांपाशी आली आणि चाचपून एकेक काढू लागली. टॉवेल, तिचं लुगडं, त्याचा खाकी सदरा. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या सरळ खाली लोंबत होत्या. दोरीवर कुठे काही हलत नव्हतं. झाडाचं पानसुद्धा नाही. तिने बाही हातात धरली, सोडली, आणि ती पुन्हा स्थिर होईपर्यंत तशीच उभी राहिली.

"असेल," ती म्हणाली. "तिकडे असेल वारा."

"होता थोडा."

"केस दिसले का रे तिचे?"

त्याने तांब्या रांजणावर पालथा ठेवला.

"दिसले. लांब आहेत. मऊ."

"आणि ती?"

"ती आहे," तो म्हणाला. "तिथेच आहे, आई."

आईने मान हलवली. सदरा झटकला, छातीशी धरून घडी घातली, घडीवरून हात फिरवला. मग लुगडं घेतलं. ते लांब होतं, म्हणून तो पुढे झाला आणि त्याने दुसरं टोक धरलं. दोघांनी ते मधोमध ताणलं, दोन हातांवर, एक वाव, दोन वाव, आणि घडीसाठी ती त्याच्याजवळ आली तेव्हा त्याच्या हातातलं टोक काढून घेत हळूच म्हणाली,

"उद्या मात्र उशिरा ये."