शोधल्याचं नाटक

माझी बायको माणसांना खान्यांत, म्हणजे कप्प्यांत, घालते. हे तिचं काम आहे आणि त्याचा तिला पगार मिळतो, त्यामुळे आम्ही घरातले फार तक्रार करू शकत नाही. विद्यापीठात ती मानसशास्त्राची संशोधक आहे. वयात आलेली मुलं ‘मी कोण’ हे कसं ठरवतात, ठरवताना त्यांच्या डोक्याला किती ताप होतो आणि त्या तापाला ती कशी तोंड देतात, हे शोधण्यात तिची अर्धी नोकरी सरली आहे. तिचे खाने चार. पहिल्यात स्वतः शोधून ठरवणारे. दुसऱ्यात न शोधताच ठरवून मोकळे झालेले. तिसऱ्यात अजून शोधत असलेले. चौथ्यात ना शोध, ना ठरवणं, नुसते सोफ्यावर लोळणारे. त्यात माझा धाकटा मेव्हणा आहे.

मी दुसऱ्या खान्यात. मी कवळ्या बनवतो. माझे वडील कवळ्या बनवायचे, शाळा संपली तसं त्यांनी मला शेजारी बसवलं आणि मी बसलो. दाताचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी मेणात दात बसवतो, हिरडीचा रंग जमवतो आणि कोणाचं तरी हसू डब्यात भरून परत पाठवतो. मला हे काम आवडतं. बायकोला मी हे अनेकदा सांगितलं आहे.

“दुसऱ्या खान्यातले आनंदातच असतात रे,” ती म्हणते. “जरा उलटसुलट झालं की मग बघावं त्यांच्याकडे.”

असं बोलल्यावर नवऱ्याने काय करावं, याचं संशोधन मात्र कोणी करत नाही.

आमची एकुलती एक लेक, तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. लहानपणापासून ती माझ्या कारखान्यात वाढली. कारखाना म्हणजे घराच्या मागची एक खोली. एक टेबल, एक भट्टी, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. इतर मुली बाहुल्यांशी खेळायच्या तेव्हा ही दाढा रंगांप्रमाणे लावून ठेवायची. हात असा हलका, की मी दोनदा खरवडून बसवलेला सुळा ती एका फटक्यात बसवायची. शाळा संपली आणि एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “मी दात बनवायचा कोर्स करणार. मग बाबाबरोबर काम करणार.”

मी तोंड कपात घातलं, कारण चेहऱ्यावर काय चाललं होतं ते कोणाला दाखवण्यासारखं नव्हतं. मला काय झालं होतं सांगू? आकाश ठेंगणं झालं होतं. मी आतून नाचत होतो.

“नाही,” बायको म्हणाली.

आता हे समजून घ्या. माझी बायको पोरीला कधीच कशाला नाही म्हणत नाही. भिंगरीने एकदा सगळे केस कापून टाकले तेव्हा तिने फक्त विचारलं होतं, “हलकं वाटतंय का?” आणि आज ज्या गोष्टीवर मी जीव टाकून बसलो होतो, तिथे ती नाही म्हणाली.

“का?” मी विचारलं.

“शोधलंय का तिने? दुसरं काही बघितलंय? जन्मल्यापासून दात बघतेय, म्हणून दात. आधी शोधू दे. शोधून परत इथेच आली तर मी स्वतः फी भरीन.”

कोर्सचे प्रवेश उन्हाळ्याच्या शेवटी बंद होणार होते. मी सुताराला बोलावून कारखान्यात दुसरं टेबल करायला सांगून टाकलं होतं, तेही बायकोला न विचारता. तेव्हा मी आणि भिंगरीने कारखान्याचं दार लावून घेतलं आणि खलबतं केली.

“तिला शोध हवाय ना? मग शोधल्याचं नाटक करू,” मी म्हणालो. “उन्हाळाभर तू चार-पाच भलत्याच गोष्टींच्या मागे लाग. थोडी रूस, थोडं रड, दार आपट. शेवटी म्हण की आता मला कळलं, माझी जागा दातांतच आहे. झालीस पहिल्या खान्यात जमा.”

“आईला कळलं तर?”

“तिला? ती तर खूश होईल.”

आणि झालीही. भिंगरी आधी चित्रकार झाली, आमच्या जिन्याची भिंत त्याची साक्षीदार आहे. मग तिने ढोलकं आणलं; शेजारच्या निवृत्त मास्तरांनी दोन दिवस दम धरला आणि तिसऱ्या दिवशी बहिणीकडे राहायला गेले. मग मौन. मौन मला सगळ्यात आवडलं. जेवताना भिंगरी कपाळाला आठ्या घालून ताटाकडे बघत बसायची आणि बायको चेहरा मऊ करून विचारायची, “ताण वाटतोय का गं?”

“खूप.”

“मग काय करतेस त्याचं?”

“झोपते.”

“म्हणजे टाळतेस. चालेल, सुरुवातीला टाळणं चालतं,” असं म्हणून ती पोरीला अजून भात वाढायची. रुसण्याची तालीम मीच घेतली होती, त्यामुळे मला हसू आवरायला पाण्याचा पेला तोंडाला लावून बसावं लागायचं.

शेवटचा अंक जरा जोरदार हवा, असं माझं मत पडलं. कारखान्याच्या खिडकीतून समोरची नवी इमारत दिसते आणि तिच्यावर एक उंच क्रेन. मेण तापवता तापवता माझी नजर तिकडे गेली. “क्रेन,” मी म्हणालो. “आईला सांग, मला क्रेन चालवायची आहे.”

भिंगरी इतकी हसली की तिच्या हातातली कवळी खाली पडली. मीही हसलो. हे मुद्दाम सांगतो, कारण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना माणूस किती मजेत असतो, ते कळावं.

बायको हसली नाही. तिने दोन फोन केले आणि बंदराच्या प्रशिक्षण केंद्रात नवख्यांसाठी उन्हाळी वर्ग असतो हे शोधून काढलं. भिंगरीने माझ्याकडे बघितलं, मी डोळा मारला. जा, दोन दिवस जाऊन ये.

पहिल्या दिवशी ती परत आली ती पांढरीफटक. शिकवणाऱ्या बाईंनी तिला शिडीने वर नेलं होतं, केबिनच्या तळाला काच होती आणि काचेखाली नुसती हवा. उतरल्यावर ती ओकली होती. बायको आत गेल्यावर मी हळूच म्हणालो, “पुरे. नाटक संपलं. उद्या आईला सांगून टाक.”

“उद्या जाते,” ती म्हणाली. “बाईंनी सांगितलंय, दुसऱ्या दिवशी खाली बघायचं नाही, फक्त दोराला लोंबणाऱ्या लोखंडी आकड्याकडे बघायचं.”

दुसऱ्या दिवशीही ती गेली आणि तिसऱ्या दिवशीही. रात्रीच्या जेवणात ढोलकं, मौन सगळं गायब. ती फक्त क्रेनबद्दल बोलायची. वारा बाजूने आला की लोंबता कंटेनर कसा झुलतो, तो झुलत असताना उलट ओढायचं नसतं, त्याच्यामागे जायचं असतं, मग तो आपोआप शांत होतो. मी दोन-तीनदा डोळा मारून पाहिला. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

“भीती वाटते का?” बायकोने विचारलं.

“रोज,” भिंगरी म्हणाली आणि हसली. ती आधी ‘खूप’ म्हणायची, तसं हे नव्हतं.

ती उठून गेल्यावर मी बायकोवर उखडलो. “तुझ्या खान्यांनी माझी पोर नेली. चांगली दात बसवत होती. आता ती आकाशात लटकणार आणि मी इथे एकटा मेण वितळवत बसणार.”

“क्रेन कोणी सुचवली?” तिने शांतपणे विचारलं.

मी पाण्याचा पेला उचलला.

“अरे, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती खोटं रुसते तेव्हा दोनदा भात घेते. आणि तू पाण्याच्या पेल्यात हसत होतास, बुडबुडे येत होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, नाटकाच्या निमित्ताने का होईना, चार दारं ठोठावतेय. करू दे.” मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. “तुला त्रास होतोय ना?”

“हो, होतोय,” मी म्हणालो. “आणि मला तोंडबिंड द्यायचं नाहीये त्याला.”

दातांच्या कोर्सच्या प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी भिंगरी सकाळीच कारखान्यात आली. मी एका आजींची खालची कवळी घासत होतो. ती माझ्या शेजारी उभी राहिली, तिने सवयीने ब्रश उचलून भुकटी झटकली आणि मग म्हणाली, “बाबा, केंद्राने मला पूर्ण अभ्यासक्रमाला घेतलंय. काल मी कंटेनर ठेवला तर खाली आवाजसुद्धा आला नाही. बाई म्हणाल्या, हा हात कुठून आणलास.”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, माझ्या बाबाचा आहे.”

मी कवळी खाली ठेवली, नाहीतर भलतीकडेच घासली जाऊन ती आजींना लागली असती.

“पण तू म्हणालास तर मी थांबते,” ती म्हणाली. “खरंच सांगते. आज फी भरते, उद्यापासून इथे बसते. मला दात आवडत नाहीत असं नाही. फक्त दातांची मला कधी भीती वाटली नाही. आणि त्यांच्यासाठी मी कधी धडपडलेही नाही. तिथे रोज वाटतं की आज नाही जमणार, आणि जमतं. तू म्हण, थांब. मी थांबीन.”

ती थांबली असती. मला माहीत होतं. आमची पोर शब्दाची पक्की आहे. ती माझ्या शेजारी बसली असती, चांगले दात बसवले असते, संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून हात धुतले असते आणि मी मरेपर्यंत सुखात राहिलो असतो. त्यासाठी मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता. माझ्या वडिलांनी तेवढंच केलं होतं. ते वाईट नव्हते, त्यांना मी शेजारी हवा होतो, इतकंच.

“मला तू इथे हवी आहेस,” मी म्हणालो. “फार हवी आहेस. हे आधी ऐकून घे, मी मोठ्या मनाचा वगैरे नाही.”

तिचे डोळे भरले. तिने मान हलवली. ती ब्रश जागेवर ठेवायला लागली, म्हणजे तिला वाटलं मी थांब म्हणालो.

“ऐक पुढचं,” मी म्हणालो. “माझ्या बाबांनी मला कधी विचारलं नाही, तुला काय हवंय. विचारलं असतं तर मी दात म्हणालो असतो. बहुतेक. इतकी वर्षं झाली, काम आवडतं, हात बसलाय, तरी ते ‘बहुतेक’ जात नाही. कवळी कितीही चांगली झाली तरी संध्याकाळी ते इथे टेबलावर असतंच. मला ते तुझ्या टेबलावर नकोय.”

तिने ब्रश परत उचलून हातात धरला.

“आता विचारतो. तुला काय हवंय?”

“क्रेन,” ती म्हणाली. एक क्षणही थांबली नाही. ‘बहुतेक’ तर नाहीच.

“मग जा, उशीर होतोय,” मी म्हणालो.

ती मला मिठी मारून, सगळ्या अंगाला माझी पांढरी भुकटी लावून घेऊन धावत गेली. मी आजींची कवळी परत हातात घेतली आणि ओक्साबोक्शी रडलो.