सगळ्यांची एकच किल्ली

"फोन घे गं, माझे हात अडकलेत. स्पीकरवर टाक," मी शिलाईच्या मशीनवरून ओरडले. घराची पुढची खोली हेच माझं शिवणाचं दुकान.

लेकीच्या नव्या नोकरीसाठी घेतलेल्या काळ्या पँटची मी उंची कमी करत होते. ती दुसऱ्या शहरात जाणार होती. बॅग भरून दाराशी उभी होती आणि येता-जाता दोघींच्याही पायात येत होती.

"नमस्कार मॅडम," फोनमधून एक मुलगी बोलली. आवाज असा गोड, की मेली साखरेच्या पोत्यावर बसून बोलतेय की काय! "तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट आलाय, त्याबद्दल बोलायचं होतं. छातीच्या गाठीच्या ऑपरेशनचं आमच्याकडे पूर्ण पॅकेज आहे. या आठवड्यात नाव नोंदवलंत तर खोलीच्या भाड्यात सूट मिळेल."

"राँग नंबर लागलाय तुम्हाला," लेक म्हणाली.

त्या मुलीने माझं नाव वाचून दाखवलं, आडनावासकट. मग वय. मग गाठ कोणत्या बाजूची आहे, तेही. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी पँटकडे पाहत राहिले. मशीनवरचा माझा पाय कधी थांबला, मला कळलं नाही.

गाठ हाताला लागली तेव्हाच मी ठरवलं होतं, पोरगी आधी मार्गी लागू दे, मग बघू. तिचा बाप गेल्यापासून आम्ही दोघीच. मी आजारी आहे म्हटल्यावर ही घराबाहेर पाऊल टाकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला जाते सांगून मी लॅबमध्ये जाऊन आले होते. रिपोर्ट अजून माझ्याच हातात पडला नव्हता. मला काय झालंय, ते मलाही त्या साखरेच्या पोत्यानेच सांगितलं.

"मी गेल्यावर सांगणार होतीस का? की तेव्हाही नाही?" लेक म्हणाली. "परक्या बाईच्या तोंडून कळायचं होतं मला?" आणि बॅगेची चेन उघडून तिने कपडे बाहेर काढायला सुरुवात केली. मी नको नको म्हणत होते. ती एकेक घडी कपाटात ठेवत होती आणि रडत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भावाला फोन लावला.

हा माझा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे कुलूप म्हणतात. लहानपणी आरसा कोणी फोडला, हे मार खाऊनही त्याने सांगितलं नव्हतं, तेव्हापासूनचं नाव. पुढे नोकरीही तसलीच मिळाली. लॅबमधले रिपोर्ट पेशंटच्या फोनवर पाठवायचं काम ज्या कंपनीकडे आहे, तिथे तो होता. ती माहिती भलत्याच्या हाती लागू नये, हे बघायचं त्याचं काम. मी ती लॅब निवडली तीसुद्धा त्याच्यामुळेच. त्याला सांगितलं नव्हतं, पण मनात म्हटलं, आपलं कुलूप आहे तिथे, बाहेर काही जायचं नाही.

"तूच सांगितलंस!" मी फोनवर कडाडले. "जन्मभर तोंडात मूग गिळून बसलास आणि नेमकं माझ्या वेळी तोंड उघडलंस? कोणाला विकलंस रे मला?"

तो म्हणाला, "ताई, कोणत्या नंबरवरून फोन आला होता? तो नंबर पुसू नकोस."

मी इथे मरायला टेकलेय आणि ह्याला नंबर हवाय! मी फोन आपटला.

संध्याकाळी तो घरी आला. भाचीच्या डोक्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि स्टुलावर बसला. माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. तो संपेपर्यंत त्याने कापलेल्या कपड्यांचे दोरे वेचले. मग म्हणाला, "मी आज उघडून बघितलं. तुझी ओळ आहे तिथे."

"कुठे?"

त्याने पूर्वी एकदा मला त्याचं काम समजावलं होतं. रिपोर्ट तयार झाला की भाड्याच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे त्यांच्या त्या क्लाउडवर, एक छोटासा प्रोग्राम जागा होतो. त्याला फंक्शन म्हणतात. तो रिपोर्ट उचलतो, ज्याचा त्याला पाठवतो आणि नाहीसा होतो. मी तेव्हा म्हटलं होतं, "हाक मारली की येणारी आणि काम करून मुकाट जाणारी बाई? अरे, माझ्याकडेही पाठव की एक!" तो हसला होता. हसला की तो शाळेतल्यासारखा दिसतो.

आता तो हसत नव्हता. "तीच बाई, ताई. ती काय काम केलं ते एका वहीत लिहून ठेवते. लॉग म्हणतात त्याला. त्यात फक्त 'रिपोर्ट पाठवला' एवढंच लिहायचं असतं. पण काम नवीन असताना कोणीतरी तिला सांगितलं, सगळंच लिही, चाचणीसाठी. नाव, फोन, आजार, सगळं. चाचणी संपली. तिला थांब म्हणायचं राहिलं."

"आणि ती वही कोणीही वाचायची?"

"तू गिऱ्हाइकाचं माप घ्यावंस आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहावंस, असं समज. त्या बाईला रिपोर्टच्या एका कपाटाची किल्ली पुरे होती. पण घाईत सगळ्या घराची देऊन ठेवली. मग प्रत्येकाने तीच किल्ली वापरायला घेतली. आमचे लोक, बाहेरचे कंत्राटी लोक, सगळे. त्यातलाच कोणीतरी ही नावं हॉस्पिटलवाल्यांना विकत असणार. वेगवेगळ्या किल्ल्या करण्यात वेळ जातो ना."

"आणि तुला हे आज कळलं?"

तो बोटाला दोरा गुंडाळत राहिला. "नाही. आधीच सांगितलं होतं साहेबांना. उघडून दाखवलं होतं. ते म्हणाले, नवीन हॉस्पिटलचं काम उरकू दे, मग बघू."

मी कपाळावर हात मारून घेतला. "आणि मला? मला नाही सांगावंसं वाटलं?"

"ऑफिसचं बाहेर सांगत नाही मी, ताई. आणि तू तरी कुठे सांगितलंस?"

मी त्याच्यापासून लपवलं, त्याने माझ्यापासून लपवलं, आणि जिला काही कळायला नको होतं ती माझी लेक भिंतीला टेकून सगळं ऐकत होती.

तिनेच विचारलं, "मामा, सगळ्यांनाच असे फोन येतात का?"

"नाही. ज्यांचा रिपोर्ट चांगला येतो त्यांना कशाला करतील? ज्यांचा वाईट येतो, त्यांनाच करतात." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी त्याने तो नंबर साहेबांपुढे ठेवला. सोबत सगळं लिहून दिलं. चौकशी झाली. ती कशी झाली, हे मला त्याच्याकडून एकेक शब्द उपटून काढावं लागलं.

साहेबांनी विचारलं, वही उघडली कोणी? नोंद काढली. बाकीचे सगळे त्या एकाच किल्लीने आत जात, त्यामुळे त्यांच्या जागी त्या फंक्शनचंच नाव उमटलेलं. माणसाचं म्हणून नाव एकच होतं, माझ्या भावाचं. तो दर वेळी स्वतःच्या नावाने आत जायचा. नियम तसा होता आणि तो नियम त्यानेच लिहिला होता.

"फोन आधी आला, मी नंतर उघडलं," हा म्हणाला.

"त्याआधीही उघडलं होतंत ना?"

"तुम्हाला दाखवायला, साहेब. तुमच्याच टेबलावर."

"म्हणजे उघडलं होतं. आणि पेशंट तुमची कोण?"

"सख्खी बहीण."

झालं! माहिती फुटली, फोडणारा सापडला, वर नातंही सापडलं. सगळ्यांनी हात झटकले आणि बालंट ह्याच्या गळ्यात घातलं. त्याच दुपारी त्याला काढलं. ड्रॉवर रिकामा करताना शेजारी वॉचमन उभा केला होता म्हणे. तो बिचारा रोज ह्याला नमस्कार करणारा, त्या दिवशी खाली बघत होता.

"आणि ती वहीवाली बाई? ती लिहायची थांबली?" मी विचारलं.

"माझ्या किल्ल्या काढून घेतल्या सगळ्या. आता मला दिसत नाही."

माझं ऑपरेशन झालं. लेक गेली नाही. तिच्या नव्या कंपनीने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरं माणूस घेतलं. ती काळी पँट खिळ्याला लटकत राहिली. लेक एका शब्दाने मला बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. मी दोन शिव्या आनंदाने खाल्ल्या असत्या.

कुलूप आता रोज माझ्याकडे यायचं. नव्या नोकरीसाठी जिथे जाईल तिथे आधीच्या साहेबांना विचारलं जायचं, आणि साहेब काय सांगत असतील ते काही लपून राहत नव्हतं. मग तो माझ्या मशीनला तेल घालायचा, काजं करायचा, इस्त्री करायचा. हात चांगला आहे त्याचा. पण भर दुपारी भाऊ दुकानात इस्त्री करताना दिसला की मला बघवायचं नाही. मग मी उगाच त्याच्यावर खेकसायचे, "कॉलर जाळू नकोस!"

पुढची तपासणी आली. लॅब बदलावी म्हणून आम्ही दोघं दुसरीकडे गेलो, तर तिथे काउंटरच्या मुलीमागे भिंतीवर त्याच कंपनीची खूण. तिसरीकडेही तीच. भाऊ नुसता मान हलवत होता. शेवटी मुलीने विचारलं, "रिपोर्ट कोणत्या नंबरवर पाठवू?"

मी तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःचा नंबर सांगितला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हे काय नवीन?"

"असू दे. आधी माझ्यापर्यंत येऊ दे."

त्याच सुमाराला लेकीला दुसरी नोकरी लागली. पहिलीपेक्षा लांबची. जाऊ का नको, जाऊ का नको, असं तिचं चाललं होतं. मी म्हटलं, "जा की! मी ठणठणीत आहे. मामा आहे इथे, रिकामटेकडा." तो मान खाली घालून हसला. ती म्हणाली, "तपासणी चांगली आली तर जाते." बॅग पुन्हा दाराशी आली. आम्हा दोघींचेही डोळे त्याच्या फोनवर लागलेले. तो मात्र फोन शर्टाच्या खिशात ठेवून इस्त्री करायचा.

काल दुपारी फोन वाजला. लेक त्याच काळ्या पँटचा सैल झालेला हूक माझ्याकडून लावून घेत होती. भावाने इस्त्री उभी केली, फोन कानाला लावला आणि ऐकत राहिला. पलीकडून कोणीतरी बरंच बोलत होतं. शब्द मला कळत नव्हते, पण ती लय मी विसरणार नव्हते. साखरेचं पोतं.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आरसा फुटला त्या दिवशी बाबांपुढे होता तसाच होता.

"राँग नंबर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

"कोण होतं मामा?"

"कोणीतरी फर्निचरवालं. सोफा हवाय का विचारत होतं." त्याने इस्त्री उचलली. मग जरा वेळाने, कपड्यावरून नजर न काढता म्हणाला, "रिपोर्ट सकाळीच आलाय. सांगायचं राहिलं. चांगलाय."

लेकीने त्याला मागून मिठी मारली. किंचाळलीच ती. मग तिकीट काढायला म्हणून फोन घेऊन आत धावली. आतून तिचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं. किती दिवसांनी.

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. शर्टाची एकच बाही तो पुन्हा पुन्हा दाबत होता. तिच्यावर आता सुरकुतीही उरली नव्हती. मला खूप काही विचारायचं होतं.

"दोरा ओवून दे रे," मी सुई पुढे केली. "मला दिसत नाहीये."

त्याने सुई घेतली.