तिसऱ्या चर्चची किल्ली

“तिसरं चर्च आज वगळ की,” बारवाला देस्तिनो कप पुसत म्हणाला. “बंद आहे म्हणून सांग. एवढ्या थापा मारतोस, त्यात आणखी एक.”

“तीन दाखवतो म्हटलंय पाहुण्यांना,” नात्सारेनो म्हणाला आणि त्याने कॉफीत साखर घातली. ती आधीच घातली होती, हे पिताना कळलं. तरी पिऊन टाकली.

बाहेर मिलानची मंडळी चांगले बूट घालून उभी होती. रोक्कापेर्ना गाव डोंगराला असं चिकटलेलं, की इथली कोंबडी अंडं घातल्या घातल्या त्यावर पाय ठेवते, नाही तर ते थेट दरीत. हे नात्सारेनोचंच वाक्य. वर्षानुवर्षं तो ते याच वळणावर टाकत आला होता. आजही टाकलं. मंडळी हसली. ते हसू त्याला बंद काचेपलीकडून आल्यासारखं वाटलं.

पहिलं चर्च झालं, दुसरं झालं. सैतानाने लाथ मारून पाडलेला उंबऱ्यातला खळगाही दाखवून झाला. तोंड आपलं आपण चालत होतं. दुसऱ्या चर्चच्या भिंतीवर काळ्या किनारीचा कागद होता, गावात माणूस गेलं की लावतात तसा. वर मोठ्या अक्षरांत ‘आसुन्ता’. एक कोपरा वाऱ्याने सुटला होता.

“या कोण?” एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

“किल्लीवाली,” तो म्हणाला. कोपरा अंगठ्याने दाबून बसवला आणि पुढे निघाला.

तिसऱ्या चर्चची किल्ली समोरच्या घरातल्या बाईकडे असते, आईकडून लेकीकडे जाते. आसुन्ताने नवऱ्याला, नात्सारेनोला, घर दिलं, जेवू घातलं, पण किल्लीला हात लावू दिला नाही. “तू हरवशील,” म्हणायची, “आणि वर गरुडाने नेली म्हणून सांगशील.” पाहुणे आले की तीच ओले हात पुसत बाहेर येऊन दार उघडायची.

आज किल्ली फिरली, पण दार हलेना. नात्सारेनोने खांदा लावला. मंडळी शहाण्यासारखी डोंगर बघू लागली.

“खांद्याने काय रेटतोस, बैल आहेस?” वरच्या खिडकीतून शेंगा सोलत शेजारीण योले म्हणाली. “किल्ली थोडी मागे घे आणि गुडघ्याने दार उचल.”

“तुला काय माहीत?”

“सगळ्या गल्लीला माहीत आहे. तू तेव्हा पाहुण्यांकडे तोंड करून बोलत असायचास.”

त्याने गुडघ्याने दार उचललं. उघडलं.

आत भिंतीवर प्रभूचं शेवटचं भोजन. शिष्यांपैकी एकाला चेहराच नाही. नात्सारेनोने सुरुवात केली. चित्रकाराला गाव पाळीपाळीने जेवू घालायचं; एका घराने पातळ सूप वाढलं; चित्रकाराने त्या घरच्या माणसाला चेहराच दिला नाही. “आणि आजही त्या घराण्यातल्या कुणाचा फोटो धड येत नाही.”

इथे तो थांबला. इथे दारातून आवाज यायचा: “खोटारडा मेला. ओल आली होती भिंतीला. आणि पातळ सूप म्हणाल, तर ते याच्या आईच्या घरचं.” मग सगळं चर्च हसायचं.

दारात नुसतं ऊन होतं.

“अरेरे,” मिलानचे एक गृहस्थ गंभीरपणे म्हणाले. “फोटोसुद्धा?” चष्मेवाल्या बाईंनी मान हलवली. सगळ्यांना पटलं होतं.

नात्सारेनोने त्या बिनचेहऱ्याच्या जागेकडे बोट दाखवलं.

“ओल आली होती भिंतीला,” तो म्हणाला.

“मग ते सूप?”

“ते माझ्या आईच्या घरचं.”

कुणी हसलं नाही. त्याच्या तोंडून ते अगदी खरं वाटलं.

मंडळी बाहेर पडली. त्याने गुडघ्याने दार उचलून लावलं आणि किल्ली फिरवली. सवयीने ती समोरच्या घराच्या दिशेने पुढे केली. हात तसाच राहिला. मग किल्ली कोटाच्या खिशात टाकून तो पाहुण्यांच्या पुढे उतार उतरू लागला. किल्ली चांगली वजनदार होती. कोट एका बाजूला ओढला जात होता.