उजवीकडचा खिसा

"उजवीकडे खिसा! मी काय डावखुरा आहे?" पडद्याआडून गिऱ्हाईक पुटपुटलं. पडद्यालगत बसून काजं करणाऱ्या शिंपिणीने मान वर केली नाही.

सहा महिन्यांपूर्वी तिचा नवरा दुकानात स्टुलावरून पडला. बरगडी मोडली की काय म्हणून छातीचा स्कॅन काढला. बरगडी ठणठणीत निघाली, पण डाव्या फुप्फुसात सहा मिलिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा बारीक गाठी पुष्कळांना असतात. बहुतेकदा जुन्या संसर्गाचा वण असतो. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, वाढलीय का ते."

मापाच्या माणसाला माप सांगितलेलं! घरी येऊन त्याने कॉलरचं बटण टेपवर ठेवलं. बटणच मोठं भरलं. तेव्हापासून घरात गाठीचं नाव पडलं 'बटण'. दुसरा एक शब्द होता, पण तो कुणी तोंडातून काढेना.

मग बटणावर भार नको म्हणून त्याने स्वतःच्या सदऱ्याचा डावा खिसा उसवून उजवीकडे लावला. पुढे गिऱ्हाइकांचेही तसेच. "त्यांच्या छातीवर तरी कशाला भार?" बायको तो म्हणेल तिथे खिसा टाचून द्यायची. गल्ल्यावरची नणंद तर भावाची बाजू सावरायला ठोकून द्यायची, "सध्या हीच फॅशन आहे!" झालं. सगळा रस्ता पेनासाठी आधी डावी छाती चाचपायचा, मग उजवी, डास मारत असल्यासारखा.

आताही नणंद तेच म्हणाली. गिऱ्हाईक आरशात वळून वळून पाहू लागलं. "असं होय! मग आणखी दोन शिवा."

"अहो, आज स्कॅन आहे," शिंपीण कापड बेतणाऱ्या नवऱ्याला म्हणाली.

"कशाला? भार काढलाय ना. बटण वाढेलच कसं?"

"वहिनी, दादाला आत्ता नको गं," नणंद घाईने म्हणाली. "चहा टाकू का?"

"तीन वेळा चहा झालाय."

शिंपिणीने सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. उठून तिने नवऱ्याच्या छातीवर, खिसा नसलेल्या जागी, तळहात ठेवला. आत कापडाविना मशीन सोडल्यासारखी धडधड चालली होती. गिऱ्हाईक एका बाहीत हात घालून तसंच थांबलं.

"खिसा कुठेही लावा, ती गाठ आहे तिथेच आहे," ती म्हणाली. "कॅन्सर असेल, अशी भीती वाटते मला. तुम्हालाही वाटते. चला, बघून येऊ."