म्हस्कूची हाक

वडगाव रासाईत यंदा ऊसतोडीच्या टोळ्या फिरकल्याच नाहीत, त्यांच्या जागी बागायतदार सोपानरावांनी ऊस तोडणारा हार्वेस्टर आणला. सोपानरावांच्या फडात ते धूड शिरलं तेव्हा अर्धा गाव बांधावर उभा होता. म्हस्कू धनगर तेवढा पाठ फिरवून बसला. टोळी पुढे तोडत जायची आणि मागे त्याच्या मेंढ्या उसाच्या शेंड्यांचे हिरवे वाढे खायच्या, दरवर्षीचा हिवाळा असाच निघायचा. आता सोपानरावांनी बजावलं होतं, मशीनच्या वाटेत एक जरी मेंढरू आलं तर कळपाला फड बंद. आणि गावातला सगळा ऊस यापुढे हेच मशीन तोडणार होतं.

एवढं ऐकूनही म्हस्कूने नको तेच केलं. जन्माची सवय. पहिला पट्टा मोकळा दिसला आणि त्याने मेंढ्या आत सोडल्या. कोयतेवाले मेंढरू दिसलं की हात थांबवायचे, कोकरू उचलून बाजूला ठेवायचे. या धुडाला कोण सांगणार?

थोड्या वेळाने त्याला बांडी दिसेना. ही काळ्या-पांढऱ्या रंगाची मेंढी दिवस भरलेली होती, आणि विणारी मेंढी आडोशाला जाते हे काय त्याला कुणी शिकवायला हवं होतं? ती उभ्या उसात शिरली होती. पलीकडून मशीन वळून त्याच बाजूला येत होतं.

म्हस्कूने हाक मारली. ज्या हाकेला आख्खा कळप टेकडी उतरून यायचा, ती त्या घरघरीत त्याची त्यालाच ऐकू आली नाही. चारचौघांत त्याने कधी डोकं उघडं केलं नव्हतं. आज त्याने तांबडा पटका सोडला, काठीला गुंडाळला आणि तो हलवत मशीनसमोर धावला.

मशीन थांबलं. केबिनमधून मोनाली उतरली. दौंडची ही पोर कंपनीतली नोकरी सोडून हार्वेस्टर शिकली होती. आता ही सोपानरावांना फोन लावणार, असं गृहीत धरून म्हस्कूने न विचारताच सगळं कबूल केलं. तिने इंजिनच बंद केलं.

"मारा हाक, आप्पा," ती म्हणाली. "आता जाईल ऐकू."

पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला. दुसऱ्या हाकेला उसातून बांडीने ओ दिली. म्हस्कू आत घुसला आणि ओलंचिंब कोकरू छातीशी धरून बाहेर आला. मागून बांडी आली. तो सरीत मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तेवढ्यात सोपानराव मोटारसायकलवरून आले. मशीन का थांबलं, त्यांनी विचारलं.

"म्या थांबवलं," मोनाली म्हणाली. "उसात काय बसलंय ते मला वरनं दिसत न्हाई. उद्यापास्नं आप्पांनी हाक मारल्याबिगर मशीन चालू करणार न्हाई."

सोपानराव तोंडातल्या तोंडात पुटपुटले. पण शिरूर-दौंडात दुसरा ड्रायव्हर रिकामा नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. ते कोकराकडे बघून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बांधावर पुन्हा गाव जमला. मोनाली केबिनमध्ये बसून होती, मशीन गप्प होतं. म्हस्कूने पटका घट्ट बांधला, घसा खाकरून लांबलचक हाक दिली आणि सगळ्या मेंढ्या भोवती गोळा होईपर्यंत वाट बघितली. मग त्याने काठी वर केली, तेव्हा कुठे मशीन सुरू झालं.