चिठ्ठी हरवलेले खापर

मित्रांनो, मी जुने आहे एवढे नक्की. किती जुने, हे मात्र विचारू नका. ज्या कुंभाराने मला घडवले त्याच्याकडे पंचांग नव्हते. मी म्हणजे एका काळ्या-तांबड्या वाडग्याच्या काठाचा तळहाताएवढा तुकडा. खापर. आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारायचा झाला की लोकांना माझ्या जातीची आठवण होते. एरवी कोणी विचारत नाही.

वाडगा एक दिवस कोणाच्या तरी हातून पडला आणि मी उकिरड्यावर गेले. माझ्यावर राख पडली, माती पडली, मातीवर घरे उठली, तीही पडली. वाघोलीच्या पुढे ओढ्याकाठी पांढऱ्या मातीचे एक टेकाड होते, त्याच्या पोटात मी निवांत पडून होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शेताचे मालक दत्तोबा यांनी पंपाच्या खोलीसाठी तिथे खड्डा घेतला आणि मी उजेडात आले. दत्तोबांनी तरुणपणी एका उत्खननावर मजुरी केली होती. खालचा थर जुना, म्हणून वस्तू मिळाली की ती किती खोल होती, कोणत्या थरात होती, हे जागेवरच लिहायचे, हा तिथला रिवाज त्यांच्या अंगात मुरला होता. त्यांनी चिठ्ठी लिहून सुतळीने मला बांधली. मला मिळालेला तो एकमेव दागिना.

गावात एक पोथी होती. ऋषींनी वसवलेले मोठे नगर याच टेकाडावर होते, असे तीत लिहिलेले. ती वाचायला नारायण पेठेतले संस्कृतचे प्राध्यापक अनिरुद्ध सर येत असत. दत्तोबांनी मला त्यांच्या हाती दिले. सरांनी घरी नेऊन मला पुसले आणि पंख्याच्या वाऱ्याने पोथीच्या नकलेची पाने उडू नयेत म्हणून पानांवर ठेवले. तिथेच मी राहिले. पाहुणे मला उचलून "वा!" म्हणत आणि खाली ठेवत.

सरांची जुनी विद्यार्थिनी प्रियदर्शनी आता पुरातत्त्व शिकवते. ती आली की वाद ठरलेला.

"सर, पोथी तीनशे वर्षांपूर्वीची आणि नगर सांगते दोन हजार वर्षांपूर्वीचं. लिहिणाऱ्यानं कोणाला विचारून लिहिलं?"

"पिढ्यानपिढ्या ऐकत आलेल्या माणसांना. तुझी माती बोलते, आणि माणसं तेवढी खोटी?"

"खोटी नव्हेत. पण ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून कशी घ्यायची?"

"आपल्या मताचा आदर आहे. चहा झाला असेल तर आपण निघू शकता."

ती हसत निघायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायची. त्यांचे भांडण मला आवडायचे. मी मध्ये बसलेले असून दोघांपैकी एकालाही मी दिसत नव्हते, याचे मात्र वाईट वाटायचे.

एका मार्चमध्ये ती आली तेव्हा हसत नव्हती. सोबत दत्तोबा होते, काठी टेकत आलेले. मुलांनी शेत बिल्डरला दिले होते आणि पुढच्या आठवड्यात टेकाडावर मशीन चालणार होते. त्याआधी एक तरी चाचणीचा खड्डा घ्यायला मिळावा, म्हणून ती अर्ज करणार होती. अर्जाला त्याच टेकाडातली, नोंद असलेली एखादी वस्तू हवी होती.

दत्तोबांची नजर माझ्यावर पडली. "ह्ये त्येच की! याला चिठ्ठी बांदली हुती म्या."

सरांनी मला पानांवरून उचलले. "काढून टाकली मी," ते म्हणाले. "सुतळीमुळे हे पानांवर नीट बसेना. पोथीत सगळं आहे, चिठ्ठी कशाला हवी, असं वाटलं मला. चुकलं माझं."

"मंग आता ल्हिवा, सर. म्या सांगतो. राखंच्या खाली घावलं."

सरांनी पेन काढले. "नक्की खाली? वर नव्हे?"

दत्तोबांनी डोळे मिटले. "खालीच... भौतेक."

सरांनी लिहिले. प्रियदर्शनी वाकून पाहत होती. "सर, 'बहुतेक' कशाला? आणि आजची तारीख का घातलीत? जुनी घाला ना. ते खरंच सांगतायत, मला ठाऊक आहे. 'बहुतेक'वर कोणी परवानगी देणार नाही." एरवी आठवणीला पुरावा न मानणारी हीच मुलगी! पण ते टेकाड तिला फार हवे होते, हे मला कळत होते. मलाही ते हवे होते. माझे घर होते ते.

"पोथी लिहिणाऱ्यानं एवढा एक शब्द लिहिला असता," सर म्हणाले, "तर आपण दोघं वीस वर्षं भांडलो नसतो."

तिने त्याच चिठ्ठीची प्रत अर्जाला जोडली. परवानगी आली नाही. मशीनने दोन दिवसांत टेकाड सपाट केले. दत्तोबा कडेला खुर्ची टाकून बसले होते; राख दिसली का, असे प्रियदर्शनीने फोनवर विचारले तेव्हा ते म्हणाले, "दिसली, पर टिपरात भरून गेली." सरांनी छापायला दिलेला आपला पोथीवरचा ग्रंथ परत मागवला आणि ते पहिल्या पानापासून तो पुन्हा तपासायला बसले.

आता मी प्रियदर्शनीच्या वर्गात एका ट्रेमध्ये असते. दर वर्षी नवी मुले मला हातात घेतात आणि ती त्यांना विचारते, "यावरून काय सिद्ध होतं?" मुले उत्साहाने बरेच काही सांगतात. मग ती चिठ्ठी वाचून दाखवते: 'राखेच्या खाली, बहुतेक.'

मित्रांनो, मला मखमलीत ठेवू नका, घासूनपुसून चकचकीतही करू नका. मी आधीच फुटलेले आहे. आणखी दोन तुकडे झाले तरी माझे काही अडत नाही. पण मला उचलाल तेव्हा कुठून उचलले ते त्याच घटकेला लिहा, आणि नक्की ठाऊक नसेल तर तसे लिहा. मला सगळे आठवते. राखेच्या वर की खाली, तेही आठवते. पण माझे कोण ऐकणार?